कोळशाची मोटार

कोळशाची गाडी म्हटलं की मुलांना आगगाडी आठवते. बॉयलर, वाफ, शिट्टी. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याकडे ज्या कोळशाच्या मोटारी धावत होत्या, त्यांत वाफेचा काही संबंध नव्हता. इंजिन पेट्रोलचंच. बदललं होतं ते त्याचं खाणं.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथलं तेल थांबलं. होतं नव्हतं ते पेट्रोल आधी लष्कराला. एस.टी. तेव्हा जन्मायची होती (ती १९४८ची), मोटारी खाजगी मालकांच्या. गाडी उभी ठेवायची की काहीतरी करायचं, असा प्रश्न होता. युरोपात जॉर्ज इम्बेर या फ्रेंच इंजिनिअरने १९२० च्या दशकातच लाकडापासून गॅस करून मोटार चालवली होती. युद्धात जर्मनी, स्वीडन सगळीकडे तीच युक्ती चालली, आणि आपल्याकडेही आली.

गाडीच्या मागे पत्र्याचं उभं पिंप. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, पण हवा बेताची द्यायची. खाली तयार झालेला कार्बन डायऑक्साईड वरच्या लालबुंद कोळशातून गेला की त्याचा कार्बन मोनॉक्साईड होतो, आणि तो जळतो. हा गॅस थंड करून, गाळून इंजिनला द्यायचा. राख आत गेली तर सिलिंडर घासून निघे, म्हणून गाळणं महत्त्वाचं. पेट्रोलच्या वाफेला भरपूर हवा लागते, या गॅसला जवळजवळ त्याच्याइतकीच. म्हणजे कार्ब्युरेटरची जुनी मापं उपयोगाची नाहीत. हवेची झडप मिस्त्री कानाने लावत. आवाज ऐकायचा आणि फिरवायची. शाळेत न शिकलेलं हे रसायनशास्त्र मला फार मोलाचं वाटतं.

सकाळी क्लीनरने पंखा फिरवून भट्टी फुलवायची, मग गाडी निघे. गॅसमध्ये निम्मा तरी नायट्रोजन, त्यामुळे ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी घटे. चढाला उतारूंनी उतरून ढकलायचं, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी हसत हसत सांगितलेलं. त्यातला धोका मात्र हसण्यासारखा नव्हता. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद जागेत भट्टी धुमसत राहिली तर माणूस झोपेतच जायचा.

पुढे १९७३ नंतर तेल महागलं तेव्हा पाणी उपसायच्या लहान इंजिनांवर असेच प्रयोग झाले. सुरू पेट्रोलवर करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. कोणी रॉकेलची तांब्याची नळी सायलेन्सरला गुंडाळून ते आधी गरम करी. थंड इंजिनात रॉकेल नीट जळत नाही, खाली उतरून ऑईल पातळ करतं. म्हणून बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर यायचं. ज्यांनी आळस केला त्यांनी बेअरिंगं बदलली. शिवाय ते रॉकेल बहुधा रेशनचं, म्हणजे कोणाच्या तरी चुलीतलं, हेही खरंच.

आता कोळशाकडे येतो. एक लिटर पेट्रोलच्या जागी साधारण दीड किलो कोळसा लागे. तो काही आकाशातून पडत नव्हता. आमच्या तळ्याच्या आसपासच्या, एकूणच कुलाबा जिल्ह्याच्या रानात कोळसा पाडण्याचं काम कातकऱ्यांचं. पूर्वी ते खैराचा कात काढत. जंगलावर निर्बंध आले तसे भट्टीकडे वळले. पावसाळ्यात घरात दाणा नसताना ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर कुटुंबासकट रानात जाऊन ती फेडायची. लाकूड तोडायचं, रचायचं, पाला-मातीने लिंपायचं, आणि रात्रंदिवस राखत बसायचं. भट्टीला भोक पडून हवा शिरली तर सगळी राख, आणि उचल अंगावर तशीच.

गाडीत काय होतं आणि भट्टीत काय होतं, यात फार फरक नाही. दोन्हीकडे हवा मोजून द्यायची. मिस्त्रीच्या कानाचं कौतुक आपल्याकडे अजून होतं. धुराच्या रंगावरून भट्टी कितपत आली हे ओळखणाऱ्या कातकरणीचं कौतुक मी कुठे वाचलेलं नाही. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली, तरी उचल घेऊन परमुलखातल्या भट्ट्यांवर जाणारी रायगडातली कातकरी कुटुंबं त्यानंतरही होतीच.