समुपदेशनातून उपदेश कसा गेला

'समुपदेशन' हा शब्द हल्ली आपल्या कानावर सारखा पडतो. पोलीस ठाण्यात, कोर्टात, शाळेत, सरकारी दवाखान्यात कुठे ना कुठे त्याची पाटी दिसते. शब्द ऐकला की वाटतं, कोणीतरी शहाणं माणूस समोर बसवून चार गोष्टी सुनावणार. तसं वाटण्यात तुमची चूक नाही, शब्दातच 'उपदेश' दडलेला आहे. आणि उपदेशाचा आपल्याला कधी तोटा होता? बाईनं सोसावं, मन घट्ट करावं, चार भिंतीतलं बाहेर काढू नये, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मग या पाटीमागे वेगळं काय मिळतं? ते समजण्यासाठी आज थोडा इतिहास बघू. त्याची सुरुवात एका आजारी मुलीपासून होते.

साल १८८०. ऑस्ट्रिया देशातलं व्हिएन्ना शहर. बर्था पापेनहाइम ही २१ वर्षांची, श्रीमंत ज्यू घरातली मुलगी. डोक्यानं हुशार, पण मुलगी म्हणून तिची शाळा लवकर थांबली होती. त्या वर्षी वडील आजारी पडले. बर्था रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसायची. काही महिन्यांत तीच अंथरुणाला खिळली. खोकला थांबेना, हातपाय लुळे पडले, नजर बिघडली. मातृभाषा जर्मन, पण ती बोलता येईना, तोंडातून फक्त इंग्रजी निघे. शरीरात तर कुठलाच रोग सापडत नव्हता.

डॉक्टर योसेफ ब्रॉयर तिला बघायला जवळजवळ रोज येत आणि ती बोलत असेल ते ऐकत बसत. एकदा उन्हाळ्यात तिला पाणीच पिता येईना. तहान लागायची, पेला हातात घ्यायची आणि दूर सारायची. सहा आठवडे तिनं फळांवर काढले. मग एके दिवशी बोलता बोलता तिला आठवलं, की घरातल्या सोबतीण बाईंच्या कुत्र्याला तिनं पेल्यातून पाणी पिताना पाहिलं होतं. किळस आली होती, पण बरं दिसणार नाही म्हणून ती गप्प राहिली होती. तो दाबलेला राग तिनं बोलून टाकला, लगेच पाणी मागितलं आणि प्याली. या प्रकाराला नाव तिनंच दिलं: 'बोलण्याचा इलाज'. गमतीनं ती त्याला 'धुराडं साफ करणं' असंही म्हणायची. चुलीच्या धुराड्यात काजळी साठली की धूर घरात कोंडतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पुढे ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली पुस्तक लिहिलं. त्यात बर्थाची हकिकत 'अ‍ॅना ओ.' या खोट्या नावानं आली. पुस्तक वाचून वाटतं की बोलली आणि बरी झाली. प्रत्यक्षात तिला त्यानंतरही रुग्णालयात राहावं लागलं आणि सावरायला काही वर्षं गेली. सावरल्यावर ती जर्मनीत फ्रँकफर्टला राहिली आणि अनाथ मुलींसाठी काम करू लागली. १९०४ साली तिनं तिथल्या ज्यू स्त्रियांची देशव्यापी संघटना उभी केली. १९०७ मध्ये कुमारी मातांसाठी आणि संकटातल्या मुलींसाठी आश्रयगृह काढलं. १९३६ साली ती वारली. अ‍ॅना ओ. म्हणजे बर्था, हे जगाला कळलं १९५३ साली. या इतिहासात बाई आधी रोगी म्हणून येते, तिचं काम मागाहून कळतं.

फ्रॉइड यांनी या इलाजातून 'मनोविश्लेषण' घडवलं. रोगी कोचावर पडून मनात येईल ते बोलणार, डॉक्टर मागे बसून ऐकणार आणि त्याचा अर्थ लावणार. आठवड्यातून पाच-सहा दिवस, महिनोन् महिने. पैसेवाल्यांनाच परवडणारं काम. शिवाय तुझ्या मनात काय आहे हे मलाच कळतं, असा डॉक्टरचा अधिकार त्यात होता. उपदेश वेगळ्या रूपात तिथेही होताच.

तो अधिकार सैल झाला अमेरिकेत, कार्ल रॉजर्स यांच्या हातून. ते तरुणपणी रॉचेस्टर गावात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत. एका मुलाचा दंगा आवरेना. आईचंच चुकतंय असं रॉजर्स यांचं मत होतं आणि ते तिला अनेक भेटींत पटवत राहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी दोघांनी थांबायचं ठरवलं. दारापर्यंत गेलेली ती बाई मागे वळली आणि म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांचं ऐकता का? मग खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराची सगळी दैना बोलली. रॉजर्स या वेळी फक्त ऐकत राहिले. पुढे तिच्या संसारात फरक पडला आणि पोरगंही निवळलं. काय दुखतंय आणि कुठे वळायचं हे त्या माणसालाच ठाऊक असतं, हे आपण तिथे शिकलो, असं रॉजर्स यांनी लिहून ठेवलं आहे. १९४२ साली त्यांचं समुपदेशनावरचं पुस्तक आलं. सल्ला द्यायचा नाही, दोष काढायचा नाही, नीट ऐकायचं आणि ऐकलेलं परत तिच्यापुढे ठेवायचं, ही रीत तेव्हापासून रुजली.

पण नुसतं ऐकून काही जणींचं भागत नाही. मन एकाच जागी फिरत राहतं. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस आणि १९६० नंतर फिलाडेल्फियात आरन बेक यांनी विचारांवर लक्ष दिलं. शेजारीण न बोलता पुढे गेली, की मनात चटकन येतं, मी कोणालाच नको. तिला घाई असेल, तिनं पाहिलंही नसेल, हे सुचत नाही. तो विचार पकडायचा, कशावरून असं वाटलं हे तपासायचं आणि दुसरा अर्थ निघतो का बघायचं. एलिस यांची पद्धत महाराष्ट्रात आणण्यात मुंबईचे कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचार म्हणतात.

आणखी एक पद्धत कृतीपासून सुरू होते. मन खचलं की आपण शेजारी जाणं सोडतो, गटाच्या बैठकीला जात नाही, अंगणातली झाडं सुकतात. जितकं सोडतो तितकं मन आणखी खचतं. म्हणून आधी एक छोटं काम ठरवायचं आणि मन नसलं तरी करायचं. उत्साह मागून येतो.

आता प्रश्न असा, की हे करणार कोण? मनाचे डॉक्टर बसतात शहरात. याचं एक उत्तर आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात सापडलं, आणि ते तुम्हाला आवडेल. तिथे डिक्सन चिबांडा नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे उपचार घेणारी एक तरुणी ठरलेल्या भेटीला येऊ शकली नाही, कारण बसभाड्याला पैसे नव्हते. तिनं जीव दिला. चिबांडांना कळलं, की दवाखान्यात वाट बघत बसून चालणार नाही. २००६ साली हरारे शहरातल्या एम्बारे वस्तीत त्यांनी काम सुरू केलं. तिथल्या आरोग्य केंद्रात ना मोकळी खोली होती, ना मोकळा माणूस. मिळाल्या १४ आज्या, आधीपासून आरोग्याचं काम करणाऱ्या. आणि अंगणात ठेवलेलं एक लाकडी बाक.

बाकाला आधी मानसिक आरोग्याचं नाव दिलं, तर कोणी फिरकेना. आज्या म्हणाल्या, याला मैत्रीचं बाक म्हणा. नैराश्य हा शब्दही त्यांनी बाजूला ठेवला. त्यांच्या शोना भाषेत शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडे डोक्यात भुंगा लागला म्हणतात ना, तसंच. आजी म्हणते, सांग काय काय त्रास आहे. मग सगळ्या त्रासांतला एक निवडायचा आणि त्यावर पुढचं पाऊल काय, हे त्या बाईनंच शोधायचं. मन उघडणं, उभारी देणं, बळ देणं, अशा तीन पायऱ्या. त्यानंतर बऱ्या झालेल्या बाया गटात बसून पिशव्या विणतात, चार पैसे मिळवतात.

याची कसून तपासणी झाली. २४ आरोग्य केंद्रं आणि ५७३ माणसं. २०१६ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसून गेलेल्यांत ते प्रमाण १०० मागे १४ होतं.

आपल्या शेजारी गोव्यातही 'संगत' या संस्थेनं असंच काम केलं. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक समुपदेशकांना शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं. सरकारी केंद्रांत त्याचा चांगला गुण आला, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कृतीपासून सुरू होणारी पद्धतही त्यांनी वापरली, सहा ते आठ भेटींत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणी केली. आधी नैराश्य असलेल्या १०० माणसांमागे जेमतेम चौघं मदत घेत होती, नंतर सुमारे २७ जण घेऊ लागले.

आता नात्यांकडे येऊ. दुखणं एकाचं असलं तरी घर सगळं हलतं. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. आजार काय आहे, कसं वागायचं, हे घरचे शिकले. कुटुंबासह उपचार भारतात असा सुरू झाला.

पण घरात मारहाण असेल तर? इथे फार जपून बोलायला हवं. जोडप्याला समोरासमोर बसवून "दोघांनीही थोडं घ्या" म्हटलं, तर मार खाणारी बाई खरं बोलूच शकत नाही, कारण तिला त्याच घरी परतायचं असतं. गावात अशा समेटाला समुपदेशन म्हणतात, पण ते समुपदेशन नाही. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी 'विशेष कक्ष' सुरू केला. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसल्या. त्यांनी बाईला आधी विचारलं, तू सुरक्षित आहेस का, तुला काय हवंय? पुढे हा कक्ष राज्यभर पोहोचला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम हे सगळं त्यात मागता येतं. मार थांबवणं ही मारणाऱ्याची जबाबदारी आहे, मार खाणाऱ्या बाईच्या वागण्यावर तो सोडायचा नसतो.

म्हणून मैत्रिणींनो, तुम्ही कुठे मदत मागायला गेलात तर चार गोष्टी बघा. बोललेलं बाहेर जाणार नाही अशी हमी मिळते का? जीवाला धोका असेल तर ते कोणाला कळवणार, हे आधी सांगतात का? तुमचं ऐकून घेतात, की पहिल्याच मिनिटाला सल्ला देतात? आणि शेवटचा निर्णय तुमचा ठेवतात का? याची उत्तरं बरोबर नसतील तर दुसरीकडे जायला तुम्ही मोकळ्या आहात.

बोलण्यानं सगळंच बरं होत नाही. झोप अनेक दिवस गेली असेल, भास होत असतील, बाळंतपणानंतर मन फार बिघडलं असेल, तर औषधही लागतं आणि त्यात कमीपणा नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, फुकट आहे. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे.

आपल्या आजीपणजीनं पहाटे जात्यावर बसून ओवीतून मन मोकळं केलं. जातं ऐकायचं आणि कुणाला सांगायचं नाही, पण त्याला विचारता येत नव्हतं, बाई, पुढे काय करू या? तो प्रश्न आपण एकमेकींना विचारू शकतो. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की, गेले दोन महिने जी गप्प बसते तिच्या शेजारी जाऊन बसा. काही सुचवू नका. ती बोलेपर्यंत थांबा.