शेपटीचे आकडे कुठे जातात?

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये 9007199254740993 टाइप करून एन्टर दाबा. उत्तर येतं 9007199254740992. शेवटच्या 3 चा 2 झाला. ना एरर, ना वॉर्निंग. या मुकाट बदलाला एक इतिहास आहे आणि माझ्या पीएचडीच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून आजची पोस्ट त्यावर.

1995 च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला. त्यात संख्येचा एकच प्रकार होता, 64 बिटांचा फ्लोट. 1985 च्या आयईईई 754 मानकानुसार त्याची अचूकता 53 बिटांची. म्हणजे 2 च्या 53 व्या घातापर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट बसतो. त्यापुढे फक्त सम संख्या, मग 4 च्या पटीतल्या, मग 8 च्या. वेबपेजवरचा फॉर्म तपासायला एवढं भरपूर होतं.

पायथॉनमध्ये सुरुवातीला दोन प्रकार होते: मशीनच्या मापाचा इंट आणि मागे एल लावायचा तो लाँग. इंटची मर्यादा ओलांडली की प्रोग्रॅम एरर देऊन थांबायचा. कटकटीचं होतं, पण निदान कळायचं तरी! 2001 मध्ये पीईपी 237 हा प्रस्ताव आला, त्याच डिसेंबरच्या 2.2 आवृत्तीत इंटचा आपोआप लाँग होऊ लागला आणि 2008 च्या 3.0 मध्ये एकच प्रकार उरला. आत मोठ्या संख्येचे 30-30 बिटांचे तुकडे करून, आपण शाळेत हातचा घ्यायचो तसं गणित चालतं. (फार मोठ्या गुणाकारांना मात्र शाळेची रीत परवडत नाही. तिथे पायथॉन 1960 मध्ये मॉस्कोतल्या 23 वर्षांच्या अनातोली कारात्सुबाने शोधलेली रीत वापरतो. याहून भारी रीत नसावी असा कोल्मोगोरोव्हचा अंदाज होता, तो या पोराने आठवड्याभरात खोटा ठरवला.)

53 बिटांची भिंत सगळ्यांना दिसली ती 2010 मध्ये. ट्विटरने ट्वीटचे क्रमांक 64 बिटांचे केले आणि जावास्क्रिप्टमध्ये त्यांचे शेवटचे अंक बदलू लागले. उपाय काय, तर तोच क्रमांक शेजारी मजकूर म्हणूनही पाठवायचा. जुगाडच, पण योग्य जुगाड. क्रमांकांची बेरीज कोण करतंय? जावास्क्रिप्टला बिगइंट अधिकृतपणे मिळाला 2020 च्या मानकात. तो जेसनमध्ये घालायला गेलात तर आजही टाइपएरर येतो. मला हे बरंच वाटतं, गुपचूप चुकण्यापेक्षा अडलेलं चांगलं.

आता माझ्या कामाकडे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या गाया दुर्बिणीच्या 2022 च्या यादीत सुमारे 180 कोटी स्रोत आहेत. प्रत्येकाला 64 बिटांचा क्रमांक, बरेचदा 19 अंकी. त्याचा पुढचा भाग आकाशाचा तुकडा सांगतो, शेपूट त्या तुकड्यातला तारा कोणता ते सांगते. 4 वर अठरा शून्यांच्या आसपास दोन शेजारच्या फ्लोटमध्ये 512 चं अंतर असतं. म्हणजे फ्लोट नेमकी शेपूट खातो! तुकडा बरोबर येतो, तारा हरवतो किंवा शेजारच्याशी जुळतो. नकाशावर सगळं ठीकच दिसतं, म्हणून चूक सापडत नाही.

'पण आम्ही पायथॉन वापरतो, तिथे संख्या अमर्याद असतात', हे मी खूपदा ऐकते. भाषेपुरतं खरं आहे. पण आपण तक्ते पांडाजमध्ये वाचतो, आणि तिथे क्रमांकाच्या स्तंभात एक जरी जागा रिकामी असली तरी अख्खा स्तंभ एरवी फ्लोट होतो. दोन याद्या जोडताना जोडीदार नसलेल्या ओळी ठेवल्या, की रिकाम्या जागा आल्याच. फ्लोट झाल्यावर परत इंट करून उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नाहीत. म्हणून फाइल वाचतानाच त्या स्तंभाला स्ट्रिंग हा प्रकार द्या, किंवा रिकाम्या जागा चालणारा, कॅपिटल आयवाला इंट64. आणि जोडणी झाल्यावर स्तंभाचा प्रकार पुन्हा एकदा छापून बघा.