तात्पुरता फार्मासिस्ट म्हणून काम सुरू करायचंय? शिक्षण, नोंदणी, जागा आणि धोके, सगळी माहिती

निर्मळ (ता. वसई) : बारावी झाली की निर्मळ, भुईगाव, वाघोली, गास या गावांतली बरीच मुलं-मुली नालासोपारा, वसई, विरारच्या मेडिकलवर कामाला लागतात. दोन वर्षांत सगळी औषधं तोंडपाठ होतात आणि घरच्यांना वाटतं, पोरगा आता फार्मासिस्ट झाला. पण कायद्याने तो हेल्परच असतो. औषध देण्याचं काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच करायचं किंवा त्याच्या समोर, त्याच्या देखरेखीखाली व्हायचं. हे काम तात्पुरतं का होईना, पण रीतसर कसं सुरू करायचं ते पाहू.

कायदा काय म्हणतो?

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. पूर्वी हे मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो बदलला. आता तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या काळी दवाखान्यात कंपाउंडर अनुभवावर औषध द्यायचे. ते दिवस गेले.

शिक्षण कोणतं?

सगळ्यात जवळचा रस्ता डी. फार्मसी. बारावी सायन्स हवी. फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. कोर्स दोन वर्षांचा, प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या मार्कांवर होतो. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. त्यानंतर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं, ते किमान तीन महिन्यांत करायचं. हे ट्रेनिंग हॉस्पिटलमध्ये किंवा मान्य मेडिकलवर होतं. इथेच खरं शिकायला मिळतं, म्हणून नुसती सही-शिक्का घेऊन मोकळं होऊ नका.

दुसरा रस्ता बी. फार्मसी, चार वर्षं, त्याला सीईटी लागते. डी. फार्मसी झालेल्यांना बी. फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणून घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी डिप्लोमा, मग नोकरी करून पैसे साठवून डिग्री, असंही जमतं. आपल्या जिल्ह्यात विरार पूर्वेला शिरगावात आणि पालघरला फार्मसी कॉलेजं आहेत.

डिप्लोमावाल्यांसाठी २०२२ च्या नियमांनी एक्झिट परीक्षाही आणली आहे. आपल्या बॅचला ती लागू आहे का, हे प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारा.

सहा महिन्यांच्या कोर्सला भुलू नका

'फार्मसी असिस्टंट', 'मेडिकल डिस्पेन्सर' अशा नावाचे लहान कोर्स बाहेर चालतात. त्यातून हेल्परचं काम मिळेल, पण नोंदणी मिळणार नाही. फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा. या कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का? आणि हा कोर्स झाल्यावर राज्य कौन्सिलमध्ये माझं नाव लागेल का? उत्तर गोलमोल आलं तर परत फिरा. दुसऱ्या राज्यातून 'घरबसल्या डिप्लोमा' काढून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून तर लांबच राहा. नोंदणीच्या वेळी कागद तपासले जातात, तिथे गाडी अडते. पैसे गेलेच, वर पोलिस केस.

नोंदणी कुठे?

महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं ऑफिस मुलुंड पश्चिमेला एलबीएस रोडवर, ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात आहे. नालासोपाऱ्याहून दादरला उतरून मध्य रेल्वेने मुलुंड गाठायचं. अर्ज ऑनलाइन भरता येतो. दहावी-बारावीचे निकाल, डिप्लोमा किंवा डिग्रीचे मार्कशीट, ट्रेनिंगचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो हे सगळं स्कॅन करून तयार ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते आधी बघा. पुढे नोंदणीचं नूतनीकरण वेळेत करत राहायचं.

तात्पुरतं काम कुठे मिळतं?

१) बदली फार्मासिस्ट : मेडिकलचा फार्मासिस्ट आजारी, बाळंतपणाच्या रजेवर किंवा गावी गेला तर त्याच्या जागी काही दिवस किंवा महिने बसायचं. जाहिरात क्वचित येते, ओळखीतून कळतं. जिथे ट्रेनिंग केलं तिथे आणि औषधांच्या होलसेलवाल्यांकडे नंबर देऊन ठेवा.

२) खाजगी हॉस्पिटलची फार्मसी : रात्रपाळीला माणूस हवाच असतो. नवख्याला शिकायला ही जागा चांगली.

३) सरकारी कंत्राटी जागा : राष्ट्रीय आरोग्य अभियान, पालघर जिल्हा परिषद आणि वसई-विरार महापालिका यांच्याकडे औषध निर्माण अधिकारी किंवा फार्मासिस्ट या नावाने जागा निघतात. करार साधारण अकरा महिन्यांचा, मग नव्याने. करोनाच्या काळात तर तीन-तीन महिन्यांवरही माणसं घेतली होती. अनेकदा थेट मुलाखत असते, म्हणून जाहिरात दिसल्यावर कागद गोळा करायला वेळ नसतो. फाइल आधीच तयार हवी.

कंत्राटी म्हणजे पुढे कायम, असं धरून चालू नका. दहा वर्षं सेवा झालेल्या अभियानातल्या कर्मचाऱ्यांना ३० टक्के जागांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरचे कर्मचारी संपावर गेले होते. त्यामुळे कंत्राटी काम करतानाच जिल्हा परिषदेच्या कायम भरतीचा अभ्यास चालू ठेवा. आणि प्रत्येक कराराचा अनुभव दाखला लेखी घ्या.

काउंटरवर काय लक्षात ठेवायचं?

- चिठ्ठी वाचता आली नाही तर अंदाज करू नका, डॉक्टरला फोन करा. एका अक्षराच्या फरकाने औषध बदलतं.
- शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची (काही जड अँटिबायोटिक, टीबीची औषधं, सवय लागणाऱ्या गोळ्या) वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपायचं.
- ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यायचं. स्ट्रिप कापताना मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत ठेवा.
- इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात. जुलै २०१८ च्या पुरात वसईत दिवसेंदिवस लाइट नव्हती, हे विसरू नका. पावसाळ्याआधी इन्व्हर्टर आणि आइसबॉक्सची सोय मालकाला विचारून घ्या.
- डोस रुग्णाच्या भाषेत सांगा. आपल्याकडची म्हातारी माणसं कादोडी किंवा वाडवळी बोलतात. 'दिवसातून तीन वेळा' असं नुसतं पाकिटावर लिहून भागत नाही. सांगा, आणि त्यांच्याकडून एकदा परत म्हणवून घ्या. गावातल्या पोराला ही भाषा येते, तिथे तो शहरातल्यापेक्षा उजवा ठरतो.

सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका

नवीन नोंदणी झाली की कुणीतरी भेटतोच : 'तू नको येऊस, फक्त सर्टिफिकेट लाव, महिन्याला पैसे देतो.' घरबसल्या पैसे म्हणून मोह होतो. पण दुकानाच्या लायसनवर तुमचं नाव असतं. तुमच्या गैरहजेरीत कुणी चुकीचं औषध दिलं, किंवा अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक तपासणीला आला, की जाब तुम्हाला द्यावा लागतो. नोंदणी रद्द होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. दोन-चार हजारांसाठी दोन वर्षांचं शिक्षण आणि आई-बापाचे पैसे पणाला लागतात.

तात्पुरत्या कामात हा धोका आणखी एका वाटेने येतो. काम सोडलं, पण लायसनवरचं नाव तसंच राहिलं. म्हणून सोडताना राजीनामा लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाला स्वतःही कळवा. नाव निघाल्याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्या दुकानात नाव लावू नका.

कामाला लागताना नेमणुकीचं पत्र, कामाची वेळ आणि पगार बँकेत, या तीन गोष्टी मागून घ्या. मालक ओळखीचा असला तरी मागा.