मार्कोची सकाळची गाडी

राष्ट्राच्या इतिहासांत लढाया व तहनामे यांची नोंद होते. परंतु त्याच्या अंतःकरणाचा इतिहास पाहावयाचा असेल, तर लोक काय गात होते हेंहि पाहावें लागतें. १८६१ सालीं इटलीचें राज्य एक झालें, तरी घरोघरच्या बोली निरनिराळ्याच राहिल्या. पुढें रेडिओ व दूरचित्रवाणी यांनीं सर्वांना समजेल अशी एक भाषा घराघरांत नेली. सान रेमो या समुद्रकांठच्या गांवीं १९५१ सालीं सुरू झालेल्या गीतमहोत्सवाचाहि त्या कार्यांत वांटा आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

याच महोत्सवांत १९९३ च्या फेब्रुवारींत, नवोदितांच्या स्पर्धेंत, लाउरा पाउझीनी ही अठरा वर्षांची मुलगी पहिली आली. तिचा जन्म फाएन्झा येथें १९७४ सालीं झाला. ती वाढली जवळच्याच सोलारोलो या लहानशा गांवीं. वडील उपाहारगृहांतून गात. त्यांच्याबरोबर तीहि लहानपणापासून गाई. तेराव्या वर्षीं तिच्या गाण्यांचा एक लहानसा संग्रह निघाला होता. पण खरा पहिला आल्बम मानतात तो १९९३ चा, आठ गीतांचा, तिचेंच नांव धारण करणारा.

त्यांतील प्रमुख गीत 'ला सोलितुदिने', म्हणजे 'एकाकीपण'. तें तिनें रचलेलें नव्हे. वाल्सिल्यो, क्रेमोनेसी व कावाल्ली या तिघांचें आहे. विषय अगदीं साधा. मार्को नांवाचा मुलगा दूर निघून गेला आहे. सकाळची गाडी त्याच्यावांचून येते. शाळेंतील त्याचा बाक रिकामा आहे. पंडितांनीं यास पोरवयांतील रडगाणें म्हटलें तर नवल नाहीं. वाद्यमेळहि कांहीं ठिकाणीं भावनेवर कुरघोडी करतो. तरीहि त्या आवाजांत एक सच्चेपणा आहे. रोज आगगाडीनें शाळेस जाणारी गांवांतील मुलगी तें दुःख गात आहे, उसनें आणून नव्हे, याविषयीं ऐकणारास शंका उरत नाहीं.

येथें आम्हांस आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. साहित्य विश्वव्यापी व्हावयाचें तर त्यानें आपल्या गांवाचा वास टाकला पाहिजे, असें आम्ही वर्गांत कित्येक वर्षें शिकवीत आलों. या गीताचा पुढील इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. फ्रान्स व नेदरलंड्स येथें तें इटालियन भाषेंतच लोकप्रिय झालें. १९९४ सालीं या संग्रहांतील व त्यापुढील संग्रहांतील निवडक गीतें तिनें स्पॅनिश भाषेंत गाइलीं, आणि स्पेन व दक्षिण अमेरिका यांनीं तिला आपली मानली. भाषा पालटली, पण मार्को तोच राहिला, आणि सकाळची गाडीहि तीच राहिली. २००६ सालीं तिला अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तेंहि एका स्पॅनिश संग्रहास.

भाषांतरानें मूळाची हानि होते, ही तक्रार खोटी नाहीं. परंतु तेवढ्यावरून शेजाऱ्याच्या भाषेंत जाण्यास भिणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. ज्या गाण्यास स्वतःचें गांव, स्वतःचें नांव व स्वतःची गाडी आहे, तें परक्या भाषेंत गेलें तरी वाट चुकत नाहीं. यापुढें विद्यार्थ्यांस आम्ही एवढेंच सांगूं, कीं आधीं आपल्या स्टेशनाचें नांव नीट लिहा. गाडी कोठवर जाईल, याची चिंता मागाहून करतां येईल.