झिरकॉनची संदीप्ती आणि खडकांचे रूपांतरण (भिलाई व पश्चिमेकडील परिसर)

झिरकॉन हे झिर्कोनियमाचे सिलिकेट. इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली त्याचा स्फटिक उजळतो आणि आतले वाढीचे पट्टे दिसू लागतात, ही कॅथोड-संदीप्ती. रूपांतरणाच्या वेळचा दाब व तापमान तिच्यावर खूण ठेवतात, पण आडवाटेने. स्फटिकात कोणती मूलद्रव्ये शिरली आणि किरणोत्सर्गाने त्याच्या जालकाची किती मोडतोड झाली, यांवर प्रकाश ठरतो. त्यामुळे उजळपणावरून तापमान काढणे चुकीचे आहे.

भिलाई शहर छत्तीसगढ खोऱ्याच्या गाळाच्या खडकांवर वसले आहे. पोलाद कारखान्याची नंदिनी येथील चुनखडीची खाण याच खोऱ्यात येते. हे थर जवळजवळ अरूपांतरित आहेत आणि म्हणूनच तुलनेला मोलाचे. खोऱ्याच्या पूर्व भागातील सुखदा राख-थरातल्या झिरकॉनचे वय २००७ मध्ये सुमारे १०० कोटी वर्षे आले, आणि खोऱ्याचे वरचे थर पूर्वीच्या समजुतीपेक्षा सुमारे ५० कोटी वर्षांनी जुने ठरले. भिलाईच्या पश्चिमेला सुमारे २५० कोटी वर्षांचा डोंगरगढ ग्रॅनाइट आहे. त्याच्याही पलीकडे, भंडारा-बालाघाट पट्ट्यात, कवचाच्या खोल भागात तापलेले ग्रॅन्युलाइट खडक उघडे पडले आहेत. त्यांच्या रूपांतरणाच्या कालक्रमाबाबत मतभेद आहेत.

शिलारसात वाढलेल्या झिरकॉनमध्ये बहुधा उजळ व काळे बारीक पट्टे एकाआड एक येतात. ग्रॅन्युलाइटमध्ये हे पट्टे पुसट होतात आणि गाभ्याभोवती एकसंध कडा चढते. ही कडा पुष्कळदा तेजस्वी असते, मग उष्णतेने तेज वाढते असे का म्हणू नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पुनर्स्फटिकीभवनात युरेनियम बाहेर पडते, आणि ज्या भागात ते कमी तिथे मोडतोडही कमी. कडेचे तेज मुख्यतः यातून येते. युरेनियम जास्त असेल तर तितक्याच तापलेल्या खडकातली कडा काळी दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तापवल्यावर मोडलेले जालक सांधले जाते आणि प्रयोगशाळेत संदीप्ती वाढलेली दिसते. हे खरे आहे. पण खडक थंड झाला की मोडतोड पुन्हा साचू लागते. आज दिसणाऱ्या प्रकाशात त्यानंतरच्या कोट्यवधी वर्षांचा हिस्सा असतो, आणि कमाल तापमान त्यातून वेगळे काढता येत नाही.

दाबाचे काम याहून अप्रत्यक्ष आहे. सुमारे ३५ किलोमीटर खोलीवरचा १० किलोबार दाब झिरकॉनची रचना बदलत नाही. मात्र योग्य घटकांच्या खडकात तो गार्नेटच्या वाढीला अनुकूल ठरतो. गार्नेट इट्रियम आणि जड विरल मृदा मूलद्रव्ये ओढून घेते, संदीप्तीला पिवळी छटा देणाऱ्या डिस्प्रोसियमचाही वाटा घेते, आणि शेजारी त्याच वेळी वाढणाऱ्या झिरकॉनच्या वाट्याला ती कमी येतात. रचनाच बदलण्यासाठी उल्काघाताचा धक्का लागतो: धक्क्याच्या प्रयोगांत सुमारे ३०० किलोबारला झिरकॉनचे रीडाइट होते. हे रूप रीड आणि रिंगवुड यांनी १९६९ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले होते. प्रादेशिक रूपांतरणात त्याची अपेक्षा करू नये.

तापमापन : झिरकॉनमधील टायटॅनियमच्या प्रमाणावरून (२००५ पासून), संदीप्तीचे चित्र कोणता भाग मोजायचा हे ठरवण्यापुरते.

रंग : पिवळ्या छटेत डिस्प्रोसियमचा मोठा वाटा, निळ्या पट्ट्याच्या उगमाबाबत एकमत नाही.