घराची चित्रफीत : ओळख आणि पारख

घर विकत घेण्याच्या व्यवहारात प्रत्यक्ष पाहणी ही पूर्वी पहिली पायरी असे. वर्तमानपत्रातील दोन-तीन ओळींची छोटी जाहिरात वाचून ग्राहक इस्टेट एजंटकडे जाई आणि एजंट किल्ली घेऊन त्याच्यासोबत निघे. आता त्याआधी आणखी एक पायरी आली आहे. एजंट सदनिकेची चित्रफीत तयार करून यूट्यूब, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपद्वारे पाठवितो. ग्राहक ती पाहून बरीचशी घरे बाद करतो आणि उरलेली एक-दोनच प्रत्यक्ष पाहतो. परगावी किंवा परदेशी राहणारे काही जण तर केवळ चित्रफितीच्या भरवशावर आगाऊ रक्कमही देतात. आयुष्याची पुंजी गुंतविताना ही चित्रफीत काय दाखविते आणि काय दाखवीत नाही, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

प्रसार कसा झाला?

यूट्यूबची सुरुवात २००५ साली झाली. आरंभीच्या काळात अशा चित्रफिती तयार करणे मुख्यतः मोठ्या विकासकांनाच परवडत असे. २०१६ नंतर भारतात मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि लहान एजंटांच्या हातीही हे साधन आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर घरे दाखविणेच थांबले. त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' ही लघुचित्रफितींची सोय सुरू केली. सप्टेंबर २०२० पासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तात्पुरती कपात केली. मुंबईत हे शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. मागणी वाढली, पण प्रत्यक्ष भेटींवर मर्यादा होत्या. या परिस्थितीत चित्रफीत ही एजंटांची गरज बनली आणि साथ ओसरल्यावरही ती पद्धत टिकून राहिली.

चित्रफितींचे प्रकार

सर्वात प्रचलित प्रकार म्हणजे मुख्य दारापासून बाल्कनीपर्यंत चालत जाऊन केलेले चित्रण. दुसरा प्रकार मिनिटभराच्या उभ्या लघुचित्रफितीचा. तिचा उद्देश घर समजावून सांगणे हा नसून ग्राहकाला दूरध्वनी करण्यास प्रवृत्त करणे हा असतो. तिसऱ्या प्रकारात ३६० अंशांचे चित्रण असते. त्यात पाहणारा स्वतः दिशा निवडू शकतो. इमारतीचा परिसर दाखविण्यासाठी ड्रोनचाही वापर होतो. मात्र त्यासाठी ड्रोन नियम, २०२१ चे पालन आवश्यक असते. विमानतळ आणि संरक्षण दलांच्या ठिकाणांच्या आसपास परवानगीवाचून ड्रोन उडविता येत नाही.

अनेक एजंट पुनर्विक्रीच्या घराची चित्रफीत प्रसिद्ध करताना इमारतीचे नाव आणि सदनिकेचा क्रमांक सांगत नाहीत. ग्राहकाने परस्पर मालकाला गाठू नये, हे त्यामागील व्यावसायिक कारण असते. केवळ तेवढ्यावरून फसवणुकीचा संशय घेणे योग्य नाही. पण पैसे देण्यापूर्वी संपूर्ण पत्ता आणि मालकीची कागदपत्रे मिळालीच पाहिजेत.

कॅमेऱ्याची नजर

लहान खोली एका चौकटीत मावावी म्हणून रुंद कोनाची भिंग वापरली जाते. मोबाइलमधील अशा भिंगाचा कोन सुमारे १२० अंशांचा असतो. त्यामुळे समोरची भिंत दूर गेल्यासारखी आणि खोली ऐसपैस वाटते. चित्रण सकाळच्या उजेडात, सर्व दिवे लावून आणि सामान आवरून केले जाते. यात गैर काही नाही. परंतु डोळ्यांना होणारा भास हे खोलीचे माप नव्हे.

हे माप पडताळण्याची एक सोपी युक्ती म्हणजे फरशा मोजणे. अनेक घरांत दोन फूट लांब-रुंद अशा चौरस फरशा बसविलेल्या असतात. फरशीचा आकार एजंटकडून विचारून घ्यावा. दोन फुटांच्या पाच फरशांत भिंत संपत असेल, तर ती बाजू दहा फुटांची समजावी. नमुना सदनिकेत पलंग नेहमीच्या मापापेक्षा लहान तर नाही ना आणि खोल्यांना दारे बसविली आहेत ना, हेही पाहावे.

काही गोष्टी कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाहीत. पाण्याची वेळ आणि दाब, पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल, रस्त्याचा गोंगाट, नाल्याची दुर्गंधी यांचा चित्रफितीत मागमूस नसतो. मूळ आवाज काढून त्याजागी संगीत घातलेले असते. खिडकीसमोरच्या मोकळ्या भूखंडावर उद्या उंच इमारत उभी राहणार असेल, तर तेही आजच्या दृश्यात दिसत नाही. प्रत्यक्ष जाणे अशक्य असेल, तर थेट व्हिडिओ कॉलची मागणी करावी. नळ सोडावयास, खिडकी उघडावयास, जिना आणि वाहनतळ दाखवावयास सांगावे आणि एक भेट सायंकाळच्या वेळी व्हावी, असा आग्रह धरावा. शक्य असल्यास विश्वासू नातलगाला घरी पाठवावे.

कायदा काय सांगतो?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अर्थात 'रेरा' कायद्यात जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे. कोणत्याही माध्यमातून केलेल्या, कोणत्याही स्वरूपाच्या प्रसिद्धीचा तीत समावेश होतो. त्यामुळे विक्रीसाठी प्रसृत केलेली प्रकल्पाची चित्रफीत ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच होय. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीपूर्वी करता येत नाही. जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास, कलम १२ नुसार विकासकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकास व्यवहारातून बाहेर पडावयाचे असेल, तर संपूर्ण रक्कम व्याजासह परत करण्याची तरतूदही त्यात आहे. शिवाय, नोंदणीकृत करार केल्याखेरीज विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटांनाही नोंदणी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात 'महारेरा'ने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा लागू केली. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणेही आवश्यक झाले. तो स्कॅन केल्यास महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाची माहिती उघडते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक 'पी' या अक्षराने, तर एजंटाचा 'ए' या अक्षराने सुरू होतो. चित्रफितीत सांगितलेले क्षेत्रफळ हे चटई क्षेत्र आहे का, याची खात्री तेथेच करावी. कायद्यातील व्याख्येनुसार चटई क्षेत्रात घरातील अंतर्गत भिंती धरल्या जातात. मात्र बाहेरील भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाही.

पैसे घेऊन घरांची वाखाणणी करणारे समाजमाध्यमांवरील चेहरे हा याच जाहिरातीचा नवा अवतार. ही सशुल्क जाहिरात आहे, असे स्पष्ट सांगण्याचे बंधन जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घातले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुनर्विक्रीच्या घरांना मात्र रेराचे छत्र सहसा लाभत नाही. तेथे भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि कर्जाची थकबाकी वकिलाकरवी तपासून घेणे हाच मार्ग आहे.

मालकाची आणि एजंटाची जबाबदारी

चित्रणापूर्वी मालकाची आणि घरात भाडेकरू असल्यास त्याचीही संमती घ्यावी. कुटुंबीयांची छायाचित्रे, कपाटे, तिजोरी, मुलांच्या शाळेची ओळखपत्रे चित्रणात येऊ देऊ नयेत. व्यवहार पूर्ण होताच चित्रफीत काढून टाकण्याची अट मालकाने लेखी घालावी. एजंटांच्या दृष्टीनेही प्रामाणिक चित्रफीतच लाभाची ठरते. लहान स्वयंपाकघर लपविले, तर ग्राहक दारातूनच परत फिरतो आणि दोघांचाही वेळ वाया जातो. नकाशा, मापे, मजला आणि देखभाल शुल्क चित्रफितीतच सांगणाऱ्याकडे येणारा ग्राहक मनाची तयारी करूनच येतो.

ग्राहकाने एक खबरदारी आवर्जून घ्यावी. व्यवहार ठरविताना पाहिलेली चित्रफीत, तिचा दुवा, ती पाहिल्याची तारीख आणि एजंटाचे संदेश जतन करून ठेवावेत. दुवे एका क्षणात नाहीसे होतात. 'जलतरण तलाव मिळेल', 'स्थानक पाच मिनिटांवर आहे' अशा आश्वासनांबाबत पुढे वाद उद्भवल्यास तीच चित्रफीत ग्राहकाचा पुरावा ठरू शकते. मात्र हा पुरावा वापरण्याची वेळच येऊ नये, यासाठी चित्रफितीत दिलेले प्रत्येक महत्त्वाचे आश्वासन विक्री करारनाम्यात शब्दांत उतरले आहे का, हे स्वाक्षरीपूर्वी पाहावे.