कूप आणि निस्तार : रायपूरच्या सालवनांचा हिशेब

रायपुरातील पंडरी ही वस्ती आज कापडबाजारासाठी ओळखली जाते. तिच्या लगतच्या द्रुतगती मार्गाखाली मात्र एका जुन्या अरुंदमापी लोहमार्गाची वाट आहे. १९०० मध्ये सुरू झालेला रायपूर-धमतरी मार्ग २०१७ पर्यंत शहराच्या याच भागातून जात असे. धमतरीपलीकडील नगरी-सिहावा परिसरातले सालाचे लाकूड त्यावरून रायपूरच्या मोठ्या रेल्वेपर्यंत येई. वनातून किती घ्यावे आणि किती राखावे, हा वनव्यवस्थापनाचा मूळ प्रश्न या वाटेच्या दोन टोकांना दोन वेगळ्या भाषांत विचारला गेला.

त्याचे शास्त्रीय उत्तर जर्मन परंपरेतून आले. सॅक्सनीच्या खाणप्रशासनातील हान्स कार्ल फोन कार्लोवित्झ याने १७१३ च्या आपल्या ग्रंथात वनाचा वापर टिकाऊ असावा, असे प्रतिपादन केले. त्यातून पुढे 'वाढीइतकीच तोड' हे सूत्र रूढ झाले. १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस याच परंपरेतले होते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यामुळे चांद्याचे सागवान आणि छत्तीसगडचा साल एकाच प्रशासनाखाली आले. कार्य आयोजनेनुसार वनाचे भाग पाडले जात, दरवर्षी एका भागात तोड होई आणि उरलेले भाग वाढीसाठी सोडले जात. या भागाला 'कूप' म्हणतात. तोड या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून इंग्रजीमार्गे आलेली ही संज्ञा संस्कृत 'कूप' म्हणजे विहीर या शब्दाशी केवळ ध्वनीने जुळते.

याच प्रदेशाच्या वनव्यवहारात दुसरा शब्द होता 'निस्तार'. सरपण, चारा, कुंपणाचे काटे, घराचे वासे अशा गावाच्या नित्य गरजा वनातून भागविण्याचा व्यवहार त्यातून सूचित होतो. वस्तुतः कूप आणि निस्तार या दोन संज्ञा म्हणजे एकाच वनाची दोन वाचने होत. तोडलेल्या कूपात कोवळी रोपे तगावीत म्हणून चराई बंद करणे वनशास्त्राच्या दृष्टीने योग्य होते. गावाच्या दृष्टीने मात्र तेच गायरान बंद होणे होते. शिवाय कूपाच्या हिशेबात लाकडाची वाढ मोजली जाई, मोहाची फुले वा चारा त्या तोलात येत नसत.

या विसंगतीचा राजकीय उच्चार जानेवारी १९२२ मध्ये नगरी-सिहावाच्या जंगल सत्याग्रहात झाला. पुढे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी वऱ्हाडात पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. प्रतीक म्हणून निवडले गेले ते मौल्यवान सागवान नव्हे, तर गवत. त्या काळच्या हिशेबात काय गाळले गेले होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न सुटला नाही. १९७० च्या दशकात बस्तरमध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सालवनाच्या जागी पाइनची लागवड करण्याची योजना पुढे आली. तीव्र विरोधानंतर ती सोडून द्यावी लागली. घनमीटरांच्या भाषेत अशी लागवड वाढ दाखवू शकली असती. परंतु साल जाऊन पाइन आला की वृक्ष राहतात, ते वन राहत नाही. म्हणजे केवळ वाढ आणि तोड यांची बरोबरी हे संरक्षणाचे पुरेसे प्रमाण नव्हे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने पर्यावरणीय समतोलाला आर्थिक लाभाच्या वरचे स्थान दिले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात राज्यांतील वृक्षतोड मंजूर कार्य आयोजनेच्या चौकटीत बांधली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या हिशेबाचा लेखक बदलण्याची शक्यता निर्माण केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून बांबूची तोड व विक्री ग्रामसभेच्या हाती आली. २०१९ मध्ये नगरी तालुक्यातील जबर्रा गावाला ५,००० हेक्टरांहून अधिक वनावर असा हक्क मान्य झाला. जेथे १९२२ मध्ये सत्याग्रह झाला, तोच हा परिसर.

तथापि यामुळे मोजणीचे ओझे संपत नाही. बांबूचा कोणता कोंब राखावा आणि कोणती काठी तोडावी, हे ग्रामसभेलाही दरवर्षी ठरवावेच लागते. फरक इतकाच की कूप आणि निस्तार ही दोन्ही खाती आता एकाच वहीत मांडता येतात. ती वही किती काटेकोरपणे लिहिली जाते, यावर सालवनांचे भवितव्य अवलंबून राहील.